शनिवारचं दूध

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. तिची पहिली नव्वद पानं इतकी नीटनेटकी आहेत की कुणीही ओळखेल, लिहिणारी बाई शाळेतली आहे. निळ्या पेनानं तारीख, काळ्यानं पदार्थ, हिरव्यानं औषध, लाल पेनानं खोकला. आणि ही नव्वदच्या नव्वद पानं खोटी आहेत. मुद्दाम खोटं मी एकही अक्षर लिहिलं नव्हतं, तरी खोटी आहेत. त्यापुढची पानं हळदीनं आणि तेलकट बोटांनी बरबटलेली, दोन-तीन तर पाणी सांडून फुगलेली. ती खरी.

कुठल्यातरी दवाखान्याच्या बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेल्या आयांसाठी हे लिहितेय. डॉक्टर विचारतील, मूल काय खातं, कधी खातं, कसं झोपतं. फाडफाड उत्तर देऊ नका. मी दिलं होतं.

आम्ही

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर मी शिक्षिका आहे. घर नाशिकला, द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर. सोमवारी पहाटेची एसटी पकडायची, वणीला गाडी थांबते तेव्हा चहा घ्यायचा, पुढे डोंगर चढत शाळा गाठायची. मग थेट शनिवारी सकाळची शाळा सुटली की परत. अधल्यामधल्या पाच रात्री गावातल्या भाड्याच्या खोलीवर.

घरी जुईचे बाबा. ते ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतात, म्हणजे दिवसभर कानाला फोन लावून कुठला ट्रक कुठे अडकलाय ते शोधत असतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या नामपूरच्या. नाशिकला येऊन वीस वर्षं झाली तरी त्यांची अहिराणी सुटली नाही, आणि सुटावी असं आम्हालाही कधी वाटलं नाही. आणि जुई. ती तीन वर्षांची असताना माझी नेमणूक डोंगरात झाली. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार तिची आई म्हणजे आत्याबाईच.

खोकला

चौथ्या वर्षी जुईला खोकला लागला. कोरडा, ठसकेबाज, झोपेतून उठवणारा. बालदमा म्हणून पंप झाला. जंताचं औषध झालं. दोनदा छाती भरली म्हणून ॲडमिट करून झालं. आत्याबाईंनी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली, तेही झालं. मग पोर ताटाला घाबरायला लागली. दोन घास खाल्ले की मान एका बाजूला वाकडी करायची आणि तशीच बसून राहायची. मी तिला रागवायचे, "नाटकं करू नकोस." हे लिहिताना आजही लाज वाटते.

एक गंमत होती. शनिवार-रविवार मी घरी असले की तिचा खोकला कमी असायचा. मी मनातून फुशारायचे. आईच्या हाताला गुण असतो म्हणतात, तो माझ्या हाताला आहे असं मला खरंच वाटायचं.

पत्ता लावला तो दातांच्या डॉक्टरांनी. दाढ दुखते म्हणून नेलं होतं. त्यांनी आरशानं पाहिलं आणि म्हणाले, "दात किडलेले नाहीत, झिजलेत. पोटातलं आंबट वर येत असणार. मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांना दाखवा." खोकल्याचा आणि पोटाचा काय संबंध?

दार

मुलांच्या पोटाच्या त्या डॉक्टर मॅडम बारीक अंगाच्या, केस करडे, बोलताना हातात सतत पेन्सिल. त्यांनी चिठ्ठीच्या मागे एक पिशवी काढली, तिच्या तोंडाशी एक छोटं दार.

"अन्न आत गेलं की हे दार लागायला हवं. जुईचं नीट लागत नाही. आंबट पाणी वर येतं, कधी घशापर्यंत, कधी श्वासाच्या नळीशी. मोठं माणूस म्हणेल, छातीत जळजळतंय. मुलाला ते सांगता येत नाही. ते खोकतं, मान वाकडी करतं, ताटापासून पळतं."

मान वाकडी! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नाटकं नव्हती ती.

मॅडमचा ह्याच आजारावर अभ्यास चालू होता. मूल घरी काय खातं, कसं वागतं हे आईबापांनी रोज वहीत लिहायचं. मग नाकातून बारीक नळी घालून एक दिवस-रात्र मशीन लावायचं आणि वही काय सांगते नि नळी काय सांगते ते ताडून पाहायचं. आमच्याकडे परवानगी मागितली, आम्ही सह्या केल्या. तीन महिने औषध आणि वही. तेवढ्यात फरक पडला नाही, आणि नळीनंही तेच दाखवलं, तर ऑपरेशन. फुप्फुसांना आणखी मार बसू देण्यात अर्थ नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या.

पाच वर्षांच्या पोरीच्या पोटाचं ऑपरेशन. जुईचे बाबा जिन्यावरच बसले. खिशात फोन वाजत होता, पहिल्यांदाच त्यांनी तो उचलला नाही.

आत्याबाईंना सगळं समजावलं. वहीचं ऐकून मात्र त्यांनी तोंड वाकडं केलं. "लेकरूनं खानं मोजानं नही, माय. नजर लागस."

"मोजायचं नाही हो, लिहायचं आहे फक्त," मी म्हणाले.

"एकच व्हयनं ना ते," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

मोहाच्या झाडाखाली

आमच्या पाड्यावर रेंज एकाच ठिकाणी येते, शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली. संध्याकाळी सहाला मी वही आणि चार पेनं घेऊन तिथे उभी राहायचे. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पाणी घेऊन जाता जाता विचारायच्या, "पोर कशी हाय, बाई?" मी बोटानं थांबा म्हणायचे, कारण रेंज कधी जाईल त्याचा नेम नसायचा.

"आत्याबाई, सकाळी काय खाल्लं जुईनं?"

"खादं ना. पोटभर."

"म्हणजे किती? एक पोळी?"

"व्हई तितली."

मी लिहायचे, पोळी एक. दुपारी वरण-भात, एक वाटी. पाच वाजता दूध, अर्धा कप. मग आदल्या रात्रीचं जेवण आणि खोकला. "पोटभर"चं मी वाट्यांमध्ये रूपांतर करत होते. ज्या दिवशी फोन लागायचा नाही त्या दिवशी कालच्यासारखंच असणार म्हणून कालचंच उतरवायचे. कोरी जागा मला बघवत नाही. आम्हा शिक्षकांना रजिस्टरात कोरी जागा दिसली की तपासणीला येणारे साहेब आठवतात.

विचार करा. रोज दुपारी मी चौतीस मुलांच्या ताटात काय पडलं, कुणी दुसऱ्यांदा भात घेतला, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहीत होते. आणि माझ्या एकुलत्या एक लेकीचा घास मला फोनवरून ऐकावा लागत होता. पहिलीतली एखादी मुलगी भात कालवताना दिसली की माझे हात शिवशिवायचे. कितीदा तरी मी उगाचच कुणाच्या तरी ताटातला भात कालवून दिलाय. पोरं हसायची, बाईंना काय झालं म्हणून.

शेवटी फोनवर जुई यायची. रोज एकच प्रश्न.

"आई, आज शनिवार आहे का?"

"नाही गं राणी, आज मंगळवार."

"मग उद्या?"

"उद्या बुधवार."

तिचा श्वास ऐकू यायचा, थोडा घरघरणारा. मग ठसका, आणि फोन आत्याबाईंकडे.

एका शनिवारी नणंद घरी आली होती. मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आईच जवळ नसल्यावर पोर खाणार कशी?" मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. लाटत राहिले. त्या रविवारी राजीनामा लिहून काढला. जुईच्या बाबांनी तो वाचला, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "बदलीचा अर्ज टाकलाय ना? त्याची वाट बघू. आधी पोरीचं काय ते कळू दे." सोमवारी पहाटे मी त्यांना न उठवताच एसटीला गेले.

स्वच्छ वही

तीन महिने झाले. खोकला तसाच. वजन काटा हलवायला तयार नाही. मॅडमनी वही उघडली, बराच वेळ पानं उलटली.

"ताई, अक्षर फार सुंदर आहे."

मी, वेडी, हसले.

"पण एकही डाग नाही हिच्यावर. खोडाखोड नाही. आजारी मुलाच्या घरची वही अशी नसते हो. आणि हे बघा, तुम्ही लिहिलंय संध्याकाळी सातनंतर काही खात नाही, तरी खोकला झोपल्यावर सुरू होतो. तोही शनिवारी-रविवारी नाही. असं का?"

मला हाताच्या गुणाचं सांगायचा धीर झाला नाही.

"नळी घालू," त्या म्हणाल्या. "मग ऑपरेशनचं ठरवू."

दप्तर

मी रजा काढली. नळी घालायला बुधवार मिळाला. नाकातून नळी जाताना जुई जी किंचाळली ते मी लिहिणार नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ज्यांना ह्यातून जायचंय त्यांनी दोन मिनिटंच धरून चाला, पुढचं सोपं आहे. नळीचं दुसरं टोक एका छोट्या मशीनला, मशीन एका पिशवीत, पिशवी खांद्याला. सिस्टर म्हणाल्या, "हे तुझं दप्तर." जुई लगेच उठून वॉर्डभर शाळेत गेल्यासारखी हिंडली. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आजोबांनी तिची हजेरी घेतली. ती "हजर" म्हणाली तेव्हा आख्खा वॉर्ड हसला. खोकला आला की मी बटण दाबायचं, जेवली की दुसरं, आडवी झाली की तिसरं. बाकी सगळं घरच्यासारखं करा, असं बजावलं होतं.

दुपारी मी तिला माझ्या हातानं वरण-भात भरवला. बुधवारी! किती महिन्यांनी मी तिला आडवारी भरवत होते. ती मान वाकडी करत होती, तरी खात होती, आणि मला त्या नळीचा, ऑपरेशनचा, सगळ्याचा विसर पडला. बरं वाटत होतं. दवाखान्यात बसून मला बरं वाटत होतं, हे खरं आहे.

दिवेलागणीनंतर तिला आडवं केलं. मी शेजारी पडले, थोपटलं. ती चुळबुळ करत राहिली. मग माझ्या अंगावरून, पलीकडे बसलेल्या आत्याबाईंकडे वाकून म्हणाली, "आजी, शनिवारचं दूध दे ना."

आत्याबाई पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या.

"कसलं दूध?" मी विचारलं.

"शनिवारचं," जुई मला समजावत म्हणाली. "झोपून प्यायचं असतं. ते प्यायलं की शनिवार लवकर येतो. तू असल्यावर नसतं ते. आज तू आहेस, पण आज बुधवार आहे ना?"

पिशवीतून थर्मास निघाला. त्यासोबत जुईची जुनी, टोपणाला चोखायची नळी असलेली पाण्याची बाटली. आत्याबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टरीननीच सांगं ना, घरनासारखं करा." त्यांनी बाटली भरली. साखर घातलेलं दाट म्हशीचं दूध. जुईनं ते पालथं पडून, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत ओढलं आणि झोपली. कुठलं बटण दाबायचं ते मला सुचेना. तिन्ही दाबली.

थोड्याच वेळात खोकला सुरू झाला.

बाकावर

आत्याबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. मी गेले आणि उभ्या उभ्याच बोलले. जे बोलू नये ते बोलले. तीन महिने मी झाडाखाली उभी राहून विचारत होते, एकदाही तोंडातून निघालं नाही? तुमच्यामुळे पोरीचं पोट फाडायची वेळ आली, इथपर्यंत बोलले.

त्यांनी पदर नीट केला. मग सावकाश म्हणाल्या, "तू पहिले तठे गई ना, तवय पोर दारले टेकीसन बसे. जेवे नही, झोपे नही. आई, आई. मंग मी सांगं, हाई दूध पी, डोया मिट, शनिवार लवकर येस."

"पण मांडीवर बसवून तरी पाजायचं."

"मना गुडघा वाकस का?"

"मला सांगायचं होतं."

"तुले सांगीसन काय करू? तू तठे एकटी. रडत बसशी."

मी बाकावर बसले. दोन वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, माझी लेक मला प्यायली होती, आडवी होऊन, डोळे मिटून. आणि तेच दूध सैल दारातून वर येऊन तिचे दात झिजवत होतं, छाती जाळत होतं. शनिवारी मी घरी असायचे म्हणून दूध नसायचं, म्हणून खोकला नसायचा. माझ्या हाताला काही गुण-बिण नव्हता. आम्ही दोघी सासूसुना त्या बाकावर रडलो. एकमेकींना धरून वगैरे नाही, आपापल्या पदराला आणि ओढणीला तोंड पुसत.

मॅडमचा नवा प्रश्न

दुसऱ्या दिवशी मॅडमनी संगणकावर आलेख दाखवला. दिवसभर लहान लहान टेकाडं, आणि दुधानंतर मोठा डोंगर, बराच वेळ न उतरलेला.

"दुधानं आजार झालेला नाही," त्यांनी आधी आत्याबाईंकडे बघून सांगितलं. "दार सैलच आहे. पण निजून, पोट भरून, इतकं दाट दूध म्हणजे औषधाला काम करायला जागाच उरली नाही. हे बंद करून आणखी तीन महिने बघू. तोवर ऑपरेशन नाही. मात्र तेव्हाही असंच चित्र दिसलं तर मी थांबणार नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीन माले इचारं नही," आत्याबाई म्हणाल्या.

मॅडमनी पेन्सिलीनं त्यांच्या अभ्यासाच्या छापील फॉर्मवर, शेवटच्या प्रश्नाखाली, एक ओळ लिहिली. मला ती उलट बाजूनं वाचता आली: आई घरी नसते तेव्हा मुलाला कोण झोपवतं, आणि कसं? नंतर म्हणाल्या की आता हा प्रश्न त्या प्रत्येक घराला विचारणार, आणि तोही आजीला.

वही आत्याबाईंकडे गेली. पण खाणं मोजायचं नाही हे व्रत त्या मोडणार नव्हत्या. शेवटी जुईच्या बाबांनी प्रत्येक पानावर घड्याळं काढली. जुईनं काही खाल्लं की आत्याबाईंनी त्या वेळेच्या घड्याळावर नुसतं बोट टेकवायचं, हाताला जे लागलं असेल त्याच्यासकट. हळद असली की वरण, तेल असलं की भाजी. "मोजानं नही ना? मंग चाली," त्या म्हणाल्या. माझी चार रंगांची पेनं टेबलावर पडून राहिली.

पाठीला भिंत

सोपं काहीच नव्हतं. दूध बंद केलं त्या आठवड्यात जुई रोज रडली. पोटाचं औषध होतं, आठवणीचं नव्हतं. मॅडमनी सांगितलेलं, सातच्या आत जेवण, मग दोन तास बसतं ठेवायचं, खाटेची उशाकडची बाजू विटांनी उंच करायची. बसतं ठेवायला आत्याबाईंचा गुडघा चालेना, म्हणून जुईचे बाबा साडेसहाला ऑफिसातून निघायला लागले. ऑफिसचा फोन तिथल्या दुसऱ्या माणसाला देऊन. भिंतीला पाठ लावून बसायचे, पोर पुढ्यात. मी मोहाच्या झाडाखाली, आता सहाऐवजी साडेसातला. मी गोष्ट सांगायचे, ते फोन तिच्या कानाशी धरायचे. रेंज गेली की गोष्ट अर्धी राहायची आणि उरलेली ते बनवायचे. त्यांच्या गोष्टीत सगळे राजे ट्रक चालवतात, असं जुईनं मला सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात खोकला तुरळक झाला. वजनकाटा हलला. मान सरळ राहायला लागली. दुसऱ्यांदा नळी घातली तेव्हा ती फक्त एकदाच किंचाळली, आणि आलेखात डोंगर नव्हता. मॅडमनी फाइलीतल्या ऑपरेशन शब्दावर पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. आत्याबाईंनी त्यांच्या हातावर घरचे शेंगदाण्याचे लाडू ठेवले. किती ते सांगितलं नाही.

आता

जुई सात वर्षांची आहे. औषध अजून चालू आहे, कमी झालंय. दार वयाबरोबर घट्ट होईल अशी आशा आहे, खात्री कुणी देत नाही. बदली अजून झालेली नाही. राजीनामा जुईच्या बाबांच्या कुठल्यातरी जुन्या खिशात असेल.

मी अजून झाडाखाली उभी राहते. परवा फोन लागला तेव्हा जुईच बोलली. काय काय खाल्लं ते घडाघडा सांगितलं, शाळेत कोणाशी भांडण झालं ते सांगितलं, आणि म्हणाली, "ठेवते गं आई, बाबा थांबलेत." ठेवला. मी फोन कानालाच धरून उभी राहिले. काहीतरी राहिलं होतं. चालत खोलीपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं, तिनं विचारलंच नाही. आज शनिवार आहे का, हे तिनं विचारलं नव्हतं. मग आठवत गेले, तर आदल्या दिवशीही नाही, त्याआधीही नाही. कधीपासून विचारत नव्हती, मला कळलंही नव्हतं.

ह्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. पोर जेवते, बोलते, शांत झोपते. मी खूश आहे, खरंच आहे. आणि मला तो प्रश्न हवा होता.

त्या संध्याकाळी मी स्टोव्हवर कपभर दूध तापवलं. चांगली दोन चमचे साखर घातली. भिंतीला पाठ टेकून, ताठ बसून, डोळे मिटून प्यायले. गुरुवार होता.